कोंबडी वाजेपर्यंत

मल्हारने सायकलचा पंप पूर्ण लांब केला, गवतावर पोटावर आडवा झाला आणि चरात पडलेलं पाकीट पंपाच्या टोकाने अलगद काठाकडे ओढायला गेला. पाकीट दोन वीत पुढे सरकलं. मग एक बदक आलं. त्याने पाकिटाचा कोपरा चोचीत धरून पाहिला, ओहायो राज्यातलं पोस्टाचं मत खाण्यालायक नाही असं ठरवलं आणि सोडून दिलं. पाकीट शेवाळावर जरासं थबकलं, एका कडेवर तिरकं झालं आणि बुडालं.

शेजारी गवतात पडलेला फोन अजून वाजत होता.

“आई, नंतर करतो.”

“केवढा वारा ऐकू येतोय! टोपी घातलीस ना?”

“घातली.”

टोपी घरी होती. फोन काढायला खिशात हात घातला तेव्हा फोनबरोबर दोनातलं एक पाकीट वर आलं होतं आणि पुढचं काम वाऱ्याने केलं होतं. दुसरं खिशातच होतं. मल्हारने ते काढून त्यावरचं नाव वाचलं. वॉरन. म्हणजे बुडाली ती सुहैला.

तो उठून बसला. पँटचे गुडघे चिखलाने भरले होते. टपालाची पेटी अजून दीड किलोमीटर पुढे होती. गल्लीतली पेटी दोन वर्षांपूर्वीच काढून नेली होती, कारण पत्रं आता कोणी पाठवत नाही. वॉरन आणि सुहैला सोडून.

ही दोघं त्याची घरमालक. बटाट्याच्या करप्यावर पीएचडी करायला तो हॉलंडमधल्या वाखनिंगनला आला तेव्हा विद्यापीठाने त्याला प्रयोगशाळा दिली, सायकल लावायला जागा दिली, आग लागली तर कुठल्या दाराने पळायचं तेही दाखवलं. राहायला खोली तेवढी दिली नाही. पाच आठवडे तो कुणाल नावाच्या सहकाऱ्याच्या स्वयंपाकघरात, फ्रीज आणि वॉशिंग मशीनच्या मधल्या जागेत झोपला. मग ही माळ्यावरची खोली मिळाली. भाडं रास्त, खिडकीतून चर्चचं शिखर, आणि अट एकच: दर रविवारी अकरा वाजता खाली हजर राहायचं.

मल्हारला वाटलं, प्रार्थना असणार. पाच आठवडे फ्रीजशेजारी झोपलेला माणूस कुठल्याही देवाची प्रार्थना करायला तयार असतो. पण खाली टेबलावर एक पत्र्याची कोंबडी होती. अंडी उकडताना लावतात तसलं घड्याळ; मान फिरवली की टिकटिकायचं आणि वेळ भरली की किणकिणायचं.

“तीन मिनिटं ती बोलणार, तीन मिनिटं मी,” वॉरन म्हणाले होते. “राजकारण. एक बोलताना दुसऱ्याने गप्प बसायचं. मग ऐकणाऱ्याने, जे ऐकलं त्यातली पटलेली एक तरी गोष्ट सांगायची. मग कॉफी. पुढच्या रविवारपर्यंत विषय बंद.”

“आणि मी?”

“तू कोंबडी फिरवायची,” सुहैला म्हणाल्या. “आम्हा दोघांपैकी कोणी फिरवली की दुसऱ्याला वाटतं, मान कमी फिरवली.”

पहिल्या दिवशी मल्हारने ‘अंकल’ म्हटलं तेव्हा वॉरननी मागे वळून पाहिलं होतं, कोण आलंय म्हणून. तेव्हापासून तो तोंडाने नुसतं नाव घ्यायचा आणि मनात ‘काका’, ‘मावशी’ जोडायचा. त्यामुळे बोलताना दर वेळी मध्ये एक बारीकशी फट पडे. दोघांना वाटायचं, मुलगा विचार करून बोलतो.

वॉरनकाका ल्युथरन, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे. सुहैलामावशी मुसलमान, त्यांचे वडील लेबनॉनहून येऊन ओहायोत टोलेडोजवळच्या एका कारखान्यात गाड्यांचे भाग जोडायचे. दोघं एकाच गावात वाढली, एकोणचाळीस वर्षांपूर्वी लग्न केलं, आणि बावीस वर्षांपूर्वी वॉरनकाकांच्या बियाण्यांच्या नोकरीपायी इथे आली. देव दोन, पक्ष दोन, स्वयंपाकघर एक. वॉरनकाकांना बेकन लागायचं, ते परसातल्या शेडमध्ये कॅम्पिंगच्या शेगडीवर परतायचं. जानेवारीतही. अंगात कोट, डोक्याला लोकरीची टोपी, हातात चिमटा. रमझानात मावशी त्यांच्यासाठी दुपारचं जेवण करून ठेवायच्या आणि ते ताट घेऊन तेही शेडमध्ये जायचे. तिथे एक खुर्ची होती. नाताळचं झाड मात्र मावशीच सजवायच्या, कारण काकांच्या हातून काचेचा गोळा फुटला नाही असं एकही वर्ष गेलं नव्हतं.

मतदानाचीही रीत ठरलेली. अमेरिकेतून मतपत्रिका यायच्या, दोघं दोन खोल्यांत बसून भरायची, पाकिटं चिकटवायची आणि मग हातात हात घालून पेटीपर्यंत चालत जायची. तिथे काकांचं पाकीट मावशी टाकायच्या आणि मावशींचं काका.

“एकमेकांची मतं खोडायलाच इतकं लांब चालता?” मल्हारने एकदा विचारलं होतं.

“टपालखर्च आपल्याला पडत नाही,” वॉरनकाका गंभीरपणे म्हणाले होते.

मग जुलैत काका सायकलवरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ते चाकाच्या वॉकरवर आले. आणि सप्टेंबरात गस आला.

गस स्वतः आला नाही. तो ओहायोतच होता. वॉरनकाकांचा चर्चच्या रविवारच्या शाळेतला मित्र. वादळात काकांच्या आईच्या घराचं छप्पर उडालं तेव्हा त्याने एक पैसा न घेता नवं बसवून दिलं होतं. या वर्षी तो गावच्या निवडणुकीला उभा होता. गावातल्या मशिदीला लागून लग्नकार्यांसाठी एक सभागृह बांधून झालं होतं, ते वापरायची परवानगी तेवढी बाकी होती. मशीद मावशींच्या वडलांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी उभी केलेली. सभागृहातलं पहिलं लग्न मावशींच्या भाचीचं, रीमाचं, व्हायचं होतं. गस भर सभेत म्हणाला, परवानगी देण्याआधी आत काय चालतं ते बघावं लागेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांचा व्हिडिओ रीमाने मावशींना पाठवला.

त्या रविवारी आधी वॉरनकाका बोलले. मल्हारने कोंबडीची मान फिरवली.

“गस वाईट माणूस नाही,” काका म्हणाले. “निवडणुकीत माणूस काहीबाही बोलतो. त्याला तुझ्याबद्दल म्हणायचं नव्हतं. तुझ्या वडलांबद्दल तर नाहीच. त्याने आईचं छप्पर—” आणि पुढची दोन मिनिटं त्यांनी छपराबद्दल सांगितलं. कौलं, खिळे, पावसाचा अंदाज. कोंबडी किणकिणली.

मग मावशींची पाळी. मल्हारने पुन्हा मान फिरवली. मावशी बोलल्या नाहीत. हात टेबलावर ठेवून त्या कोंबडीकडे बघत बसल्या. अर्धं मिनिट गेलं, एक गेलं. मल्हारने खोकावं की काय याचा विचार केला; पण उसासा म्हणजे बोलणं असा निकाल मार्चमध्ये त्यानेच दिला होता आणि खोकला उसाशाच्या फार जवळचा. तीन मिनिटं इतकी लांब असतात हे त्याला त्या दिवशी कळलं. कोंबडी किणकिणली.

“पटलेली एक गोष्ट,” त्याने नियमाप्रमाणे आठवण केली.

“छप्पर चांगलं बसवलं होतं,” मावशी म्हणाल्या, आणि उठून वर गेल्या.

त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलेनाशी झाली. भांडण नाही, आदळआपट नाही. मावशी काकांच्या गोळ्या वेळेवर काढून ठेवायच्या, काका “थँक यू” मल्हारला म्हणायचे.

“त्याला सांग, सूप गरम आहे.”

“तिला सांग, व्यायाम शिकवणारी बाई चारला येणार आहे.”

या कामात मल्हार तयार गडी होता. मिरजेत त्याचं बालपण याच नोकरीत गेलं होतं. बाबा, म्हणजे मनोहर, सोसायटीचे सेक्रेटरी. तो नववीत असताना तिसऱ्या मजल्यावरचा ब्लॉक बघायला एक मुल्ला आडनावाचं कुटुंब आलं, आणि बाबांनी रातोरात ‘फक्त शाकाहारी’ असा नियम टाइप करून जिन्यात लावला. बाबा स्वतः दर बुधवारी खानावळीत मटण खायचे. आई एकोणीस दिवस बाबांशी बोलली नाही. “तुझ्या वडलांना सांग, पान वाढलंय.” “तुझ्या आईला सांग, मला भूक नाही.” मल्हार दोन खोल्यांच्या मध्ये ये-जा करायचा आणि वाटेत निरोपाचे काटे काढायचा. विसाव्या दिवशी कंटाळून त्याने आईला सांगितलं, बाबा म्हणाले, माझं चुकलं. बाबा असं काहीही म्हणाले नव्हते. आई त्या दिवशी जेवताना बाबांशी बोलली. कागद जिन्यात तसाच राहिला आणि मुल्लांनी दुसरीकडे घर घेतलं. पण घरात शांतता झाली, आणि मल्हारला वाटलं, आपल्याला हे जमतं.

ऑक्टोबरात एका गुरुवारी सकाळी तो निघत असताना मावशींनी दारात त्याच्या हातात पाकीट दिलं.

“पेटीत टाक. त्याला सांगायची गरज नाही.”

संध्याकाळी काकांनी त्याला खोलीत बोलावून, दार लावून, उशीखालून दुसरं काढलं.

“उद्या जाशील तेव्हा टाक. तिला सांगू नकोस. अजून नको.”

मावशींचं पाकीट टाकायचं त्या दिवशी राहूनच गेलं होतं. मल्हारने दोन्ही पाकिटं एकाच खिशात ठेवली. वेगळी ठेवणं त्याला पक्षपाती वाटलं.

आणि आता एक चरात होतं. मल्हार गवतावर बसून विचार करत होता. मावशींना सांगितलं तर त्या दुसरी मतपत्रिका मागवू शकल्या असत्या, वेळ होता. पण सांगायचं म्हणजे काकांचंही पाकीट होतं हे सांगायचं, आणि तेच कोरडं राहिलं हेही. मावशी काही म्हणाल्या नसत्या. नुसतं बघितलं असतं, आणि वर जाऊन बॅग भरली असती. रीमाच्या लग्नाचं तिकीट त्यांनी काढलंच होतं, निवडणुकीनंतरच्या मंगळवारचं. जायचं. परतीचं नव्हतं. ते तिकीट फ्रीजवर चुंबकाने लावलेलं होतं, आणि काका वॉकर ढकलत दिवसातून चार वेळा फ्रीजपर्यंत जाऊन दूध न काढता परत येत.

शेवटी मल्हारने वजाबाकी केली. दोन मतं गेली असती तर एकमेकांना खाऊन बाकी शून्य. एकही गेलं नाही, तरी शून्य. एकच गेलं तर मात्र अन्याय. हा विचार त्याला इतका स्वच्छ वाटला की त्याने सायकल वळवली, घरी आला आणि वॉरनकाकांचं पाकीट हिवाळी मोज्यांच्या खणात ठेवलं. “टाकली?” असं दोघांनी वेगवेगळं विचारलं. “हो,” असं तो दोघांनाही म्हणाला. त्यातही पक्षपात नव्हता.

निवडणूक झाली. मल्हारच्या मनात एक वाईट शक्यता होती: गस एका मताने जिंकला किंवा हरला तर? तो प्रयोगशाळेत बटाट्याची पानं मोजायची सोडून दर अर्ध्या तासाने ओहायोतल्या एका गावाचा निकाल बघत बसला. गस एकशे बारा मतांनी निवडून आला. मल्हारला हायसं वाटलं. मुसलमानांच्या लग्नघरात काय चालतं ते बघायला निघालेला माणूस निवडून आला म्हणून हायसं वाटणारा पृथ्वीवरचा तो बहुधा एकमेव मिरजकर असावा.

शनिवारी आईचा, म्हणजे लतिकाबाईंचा, व्हिडिओ कॉल आला.

“चेहरा का असा? जेवत नाहीस का?”

“जेवतो. घरात जरा… काका-मावशींचं बोलणं बंद आहे.”

“मग तू आहेसच,” लतिकाबाई म्हणाल्या आणि हसल्या. मग भाजी निवडता निवडता, मान वर न करता म्हणाल्या, “निरोप जसा असेल तसा दे हं.”

“म्हणजे?”

“तुझे बाबा जन्मात ‘माझं चुकलं’ म्हणणार आहेत का? मला तेव्हाच कळलं होतं.”

“मग बोललीस कशाला?”

“तू रोज इकडून तिकडे फिरायचास. तुझी परीक्षा होती.” त्यांनी एक शेंग मोडून बाजूला टाकली. “मला वाटलं होतं, आणखी चार दिवसांत ते तो कागद काढतील. तेवढे दिवस काही मिळाले नाहीत.”

मल्हारने नेट गेल्यासारखं केलं. नेट उत्तम होतं.

रविवारी अकराला काकांनी स्वतः हाक मारली. “मल्हार, कोंबडी घे.”

आठ आठवड्यांत कोंबडी कपाटाबाहेर आली नव्हती. बाहेरच्या खोलीत मावशींची बॅग उभी होती, वरती घडी केलेला कोट. मावशी दारात थांबल्या. एकाने बसायचं म्हटलं की दुसऱ्याने बसायचं, हा सगळ्यात जुना नियम. त्या येऊन बसल्या.

मल्हारने मान फिरवली.

“गस माझा मित्र आहे,” वॉरनकाका म्हणाले. “आहे म्हणतोय मी, होता नाही. पण तुझे वडील गेले तेव्हा तो आला होता, आठवतं? मशिदीत. बूट कुठे ठेवायचे कळेना म्हणून सगळा वेळ हातात धरून उभा होता. तुझ्या भावाने त्याला बसायला जागा दिली, जेवायला वाढलं. दोनदा.” ते थांबले. “आत काय चालतं ते त्याला माहीत आहे. माहीत असून तो बोलला. हे मला त्या रविवारी सुचायला हवं होतं. मी छपराबद्दल बोलत बसलो.”

मावशी कोंबडीकडे बघत होत्या.

“मी त्याला मत दिलं नाही, सुहैला. बाकीच्या जागांनाही मी यंदा तुझ्या बाजूनेच खुणा केल्या. एकोणचाळीस वर्षांत पहिल्यांदा. निकाल लागेपर्यंत सांगायचं नाही असं ठरवलं होतं. आधी सांगितलं असतं तर ते तुला लाच दिल्यासारखं झालं असतं.” त्यांनी लॅपटॉप पुढे सरकवला. “नुसत्या शब्दावर ठेवू नकोस. पाकीट पोचलं की निवडणूक कार्यालयाच्या साइटवर दिसतं. बघ.”

मावशींनी लॅपटॉप जवळ ओढला. नवऱ्याचं नाव टाइप केलं, जन्मतारीख टाइप केली. ती विचारावी लागली नाही. पान उघडलं. मल्हारला ते उलट्या बाजूने दिसत नव्हतं, पण काय असणार ते त्याला माहीत होतं. मतपत्रिका पाठवली, तारीख. ‘परत मिळाली’ याच्यापुढे काही नाही.

मावशींनी लॅपटॉप हळूच मिटला.

“नाही?” काका म्हणाले. “टपाल… नाही, तीन आठवडे झाले. मी मल्हारकडे दिलं होतं.” ते मल्हारकडे वळले.

मावशी वळल्या नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. वर्गात नापास मुलगा पेपर घरी विसरला म्हणतो तेव्हा शिक्षक करतात तसा समजूतदार चेहरा त्यांनी केला होता, आणि वॉरनकाकांना तो ओळखता येत होता.

कोंबडी टिकटिकत होती. अजून दीडेक मिनिट असेल. कोंबडी चालू असताना तिसऱ्याने बोलायचं नाही. हे पाहुण्यांना बजावून सांगण्याचं काम मल्हारचंच होतं. टपालखात्याचा गोंधळ असतो हल्ली, एवढं एक वाक्य त्याच्याकडे तयार होतं. चांगलं वाक्य होतं. कोणीही मानलं असतं, आणि मोज्यांच्या खणात कोणी बघितलं नसतं. बाहेर नोव्हेंबर होता, आणि कुणालच्या फ्रीजशेजारी आता दुसरा मुलगा झोपत होता.

तो उठला. जिना चढला. खण अडकला, कारण त्याने तो फारच घट्ट लावला होता. परत खाली आला आणि पाकीट टेबलावर, कोंबडीच्या पायाशी ठेवलं. त्याच वेळी ती किणकिणली.

आता बोलायला परवानगी होती.

“सुहैला, तुमचं चरात पडलं,” मल्हार म्हणाला. “वाऱ्याने. मी पंपाने ओढत होतो, पण बदक आलं.”

“बदक,” मावशी म्हणाल्या.

“त्याने काही केलं नाही. ते बुडालंच. मग मी वॉरनचं टाकलं नाही. मला वाटलं, तुम्ही एकमेकांना खोडताच. एकच गेलं तर बरोबर नाही. दोन्ही नाही गेली तर… सारखंच.” इंग्रजीत ते मराठीपेक्षाही वाईट वाटत होतं.

“तू आम्हाला विचारलं का नाहीस?” काकांनी विचारलं.

“तुम्ही बोलत नव्हतात.”

“आम्ही तर बोलत होतो,” वॉरनकाका म्हणाले. “तुझ्याशी.”

“तुझ्या घरी असं करतात?” मावशींनी विचारलं. टोमणा नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

“हो,” मल्हार म्हणाला.

मावशींनी पाकीट हातात घेतलं. तोंड चिकटवलेलं होतं, वर वॉरनकाकांची सही आणि आत काय आहे ते कागदाला माहीत. काकांनी टेबलावरची पावाची सुरी उचलली आणि मुठीची बाजू त्यांच्याकडे केली.

“उघड.”

मावशींनी सुरी घेतली नाही. त्यांनी हात लांब करून कोंबडी ओढली आणि स्वतःच मान फिरवली. आपल्या वाट्याची तीन मिनिटं. पाकीट मांडीवर ठेवून त्या बसून राहिल्या. काका सुरी तशीच धरून होते. शेवटी त्यांनी ती खाली ठेवली. आवाज होऊ नये म्हणून आधी पातं टेकवलं, मग मूठ. मल्हारने तीन मिनिटांत दोनदा वॉरनकाकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पाकीट उघडावं असं त्यांना वाटतंय की उघडू नये असं, ते काही केल्या सांगता येईना.

कोंबडी किणकिणली. या खेपेला पटलेल्या गोष्टीची आठवण करावी लागली नाही.

“पाकीट नीट चिकटवलंय,” मावशी म्हणाल्या.

यानंतर कॉफी असायची. कोणी उठलं नाही.

मंगळवारी मल्हारने त्यांची बॅग बसथांब्यापर्यंत ओढली. फरशांवर चाकं खडखडत होती, त्यामुळे न बोलणं सोपं होतं. दारात काका वॉकर धरून उभे राहिले होते आणि मावशींनी त्यांच्या कोटाचं वरचं बटण लावून दिलं होतं. एवढंच झालं होतं.

थांब्याच्या अलीकडे टपालाची नारिंगी पेटी होती. मावशी थांबल्या. पर्समध्ये हात घालून त्यांनी पाकीट काढलं. तोंड तसंच चिकटलेलं होतं.

“आता मोजणार नाहीत ते,” मल्हार म्हणाला.

“माहीत आहे.”

त्यांनी वॉरनकाकांचं पाकीट पेटीत सोडलं आणि फटीत बोटं घालून ते खाली पडलंय ना ते पाहिलं. सवयीने त्या बाजूला सरकल्या, दुसऱ्या माणसाला जागा करून दिल्यासारख्या. मग लक्षात येऊन पुढे चालू लागल्या.

“रविवारी अकराला त्याच्यासमोर बस,” त्या म्हणाल्या. “तो बोलेल.”

“आणि पटलेली गोष्ट?”

“ती तुझी तू शोध. मला विचारू नकोस.”

“खोली…”

“खोलीचं कोण काय बोललं?”

“परत कधी येणार?”

“बस आली,” मावशी म्हणाल्या. बस खरंच आली होती.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी वॉरनकाकांनी मल्हारला खाली बोलावलं. लॅपटॉप उघडा होता. ते रोज ते पान बघतात हे मल्हारला ठाऊक नव्हतं. परत मिळाली, याच्यापुढे आता तारीख होती. त्याखाली एक ओळ: मुदतीनंतर, मोजलेली नाही.

“तू टाकलंस?” काकांनी विचारलं.

“नाही.”

काका पडद्याकडे बघत राहिले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि ती ओळ परत वाचली. मग लॅपटॉप मिटून ते वॉकर ढकलत फ्रीजकडे गेले. आज त्यांनी फ्रीज उघडला. बेकनची पुडी काढली, तवा काढला, दोन्ही वॉकरच्या बसायच्या फळीवर ठेवलं आणि खुंटीवरची लोकरीची टोपी डोक्यावर ओढली.

खिडकीबाहेर परस पांढरं झालं होतं. शेडच्या वाटेवर बर्फाचा पातळ, गुळगुळीत थर होता. घरात तीन आठवडे दोघंच होते.

“वॉरन,” मल्हार म्हणाला, “इथेच गॅसवर करा ना. घरात कोणी नाही.”

काकांनी चिमटा कोटाच्या खिशात खोचला.

“दार धर,” ते म्हणाले.

मल्हारने दार धरलं.